यान पोहोचेपर्यंत

नवान्नाच्या दिवशी दुपारी एक वाजता माझ्यासमोर केळीचं पान होतं, पानावर नव्या भाताची मूद होती आणि सगळं घर माझ्या हाताकडे बघत होतं. सगळं घर म्हणजे तिघंच. आमचे हे, गावाहून आलेले माझे दीर कुशाबा, आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमध्ये, जर्मनीहून, आमची रुचा. मी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं. आणि मला भात खायचा नव्हता. म्हणजे खायचा होता हो, अडीच वर्षं खायचा होता. पण चालणार नव्हतं.

मुळापासून सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होतो.

आमचं गाव कणकवलीच्या बाजूला. हळवा भात कापला की कुशाबा दरवर्षी लोंब्या आणि पायलीभर नवे तांदूळ घेऊन लालबागला येतात. लोंब्या, आंब्याची पानं, कुरडूची फुलं असं एकत्र बांधून दाराला लावायचं. चाळ होती तेव्हा लावायचो, आता चाळीच्या जागी टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, तरी लावतो. देवाला नैवेद्य दाखवला की घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. इतकी वर्षं तो मान सासूबाईंचा होता. त्या गेल्या वर्षी श्रावणात गेल्या. सालभर घरात सण नव्हता. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि मान माझ्याकडे आला.

आता रुचाचं. रुचा जर्मनीत एका यानावर काम करते. ते यान गुरू ग्रहाकडे निघालंय, पण गुरूसाठी नाही, त्याच्या चंद्रांसाठी. गुरूला आपल्यासारखा एक चंद्र नाही, नव्वदाच्या वर आहेत. हे कळलं तेव्हा शेजारच्या दर्शनानं मला विचारलं होतं, "काकी, मग तिथे संकष्टी कुठल्या चंद्रावर सोडायची हो? एक मावळला की दुसरा हजर. बायका जेवतच बसतील." मी हसले, पण रात्री मनात आलंच, खरंच, कुठल्या?

त्यातले तीन चंद्र मोठे आणि बर्फाचे. युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. रुचा सांगते, वर कित्येक कोस बर्फ, दगडासारखा कडक, आणि त्याच्या खाली समुद्र. खारा. आपल्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाणी. मला ते डोळ्यांसमोर येईना. बर्फ मला ठाऊक तो मासळीबाजारातला, गोणपाटाखाली लाद्या. त्याच्या खाली पापलेट असतं, समुद्र नसतो. मग एकदा फ्रीजरमध्ये पातेलं राहिलं, वरचं पाणी गोठलं होतं आणि खालचं हिंदकळत होतं. मी ते पातेलं हातात धरून किती वेळ उभी होते. थंडीनं बोटं बधिर झाली. तेवढंच मला समजलं त्यातलं.

रुचाचं काम त्या यानाच्या लांब अँटेनावर. सोळा मीटरची. बर्फाच्या आत काय आहे ते ती बघणार. दोन हजार तेवीसच्या एप्रिलमध्ये यान सुटलं आणि चारपाच दिवसांत रुचाचा फोन आला. अँटेना उघडत नव्हती. घडी घातलेली होती ती एक तृतीयांश उलगडली आणि अडकली. एवढीशी पिन, ती सरकेना. रुचा लहानपणी पडली तरी रडायची नाही, त्या दिवशी मला तिचा हुंदका फुटताना ऐकू आला. "आई, बारा वर्षं गं," म्हणाली. "आणि आता हात पोचत नाही तिथे कुणाचा."

माझा तर कुठेच पोचत नव्हता. मी देव्हाऱ्यासमोर बसले, हातात पाणी घेतलं आणि म्हटलं, देवा, हे यान सुखरूप पोहोचेपर्यंत मी भाताला शिवणार नाही.

मला वाटलं होतं पाच-सहा महिने. चंद्रावर जातात ते महिन्याभरात जातात, गुरू जरा लांब.

तीन आठवड्यांनी पिन सरकली. त्यांनी यान हलवलं, उन्हाकडे वळवलं, शेवटी आतूनच एक धक्का दिला, आणि अँटेना उघडली. रुचा फोनवर किंचाळत होती. मी देवाला साखर ठेवली आणि मग सहज विचारलं, "आता पोहोचणार कधी?"

"एकतीसमध्ये."

"एकतीस तारखेला?"

"आई! दोन हजार एकतीस. जुलै."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

व्रत बोलून दाखवलं की त्याचं बळ जातं, असं माझी आई सांगायची. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. माझी शुगर तेव्हा काठावर होती, डॉक्टरांनी भात कमी करा म्हटलं होतं, मी घरात बंद केलाय म्हणून सांगितलं. तेवढं एक खोटं रोज बोलत होते. सोमवार, गुरुवार, संकष्टी, सकाळचं स्तोत्र, सगळं करायचं आणि जेवायला बसताना खोटं बोलायचं. आणि वर शुगर उतरली! डॉक्टर खूश. देव माझ्यावर कृपा करतोय की चेष्टा, मला समजेना. कोकणातल्या बाईनं मासळीची आमटी चपातीशी खायची. घावणे गेले, पोहे गेले. गणपतीत उकडीचे एकवीस मोदक माझ्या हातचे, आणि मी तळणीचा खायचा. रात्री ज्वारीची भाकरी नाहीतर थालीपीठ. भाजणी माझी जाऊ कमल गावाहून पाठवते. तिलाही फोन करून सांगितलं, डॉक्टरांनी तांदूळ बंद केलाय, भाजणीत घालू नकोस.

यान तर आणखीच घोळात टाकणारं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रुचा म्हणाली, आज ते आपल्या चंद्राजवळून आणि पृथ्वीजवळून गेलं.

"म्हणजे परत आलं?"

"परत नाही. वेग घ्यायला. काका शेतात गोफण फिरवतात ना पाखरांवर? दगड सुटायच्या आधी तीनचार वेळा डोक्याभोवती फिरतो. तसं."

ह्या ऑगस्टमध्ये ते शुक्राला गेलं. गुरू एका दिशेला, शुक्र दुसऱ्या. हे म्हणाले, "लालबागहून दादरला जायला कुलाब्याची बस पकडल्यासारखं झालं. पोरगी जर्मनीला जाऊन बेस्टमध्ये लागली वाटतं." मी हसले नाही. मला वाटत होतं, ते सारखं मागे मागे येतंय आणि त्याचं कारण मीच नसेन ना? माझ्या खोट्यामुळे?

तर असा मी तो नवान्नाचा दिवस टाळत टाळत आले होते. काहीतरी सुचेल म्हणत होते. भात शिजला, नैवेद्य झाला, पान वाढलं, आणि सुचलं काहीच नाही.

"घ्या वयनी," कुशाबा म्हणाले. "फाटेपासून चाय शिवाय काय पोटात नाय माझ्या. आणि थयसर कमळा टोप घेवन बसलीहा. तुमी घास घेतलात काय मी फोन करतलंय, मगे ती वाढतली."

"ह्यांना घेऊ दे ना यंदा," मी म्हटलं. "हे वयानं मोठे."

"ता नाय चालूचा. बायलमाणसान घेवचो."

"अगं, एका घासानं काय शुगर वाढत नाही," हे म्हणाले. "डॉक्टर काय खाली गेटवर उभा आहे? घे, मी नाही सांगणार."

"आई, घे ना," रुचा मोबाइलमधून म्हणाली. तिथे सकाळ होती, ओले केस, हातात कॉफीचा मग. "मला ऑफिसला पळायचंय. तुझा घास बघते आणि जाते."

मी हात पुढे केला. बोटांना भाताची वाफ लागली. नव्या भाताला एक वास असतो, ओल्या मातीचा नाही, दुधाचाही नाही, मधलाच काहीतरी. मी हात मागे घेतला.

"शुगरचं नाहीये ते," मी म्हटलं.

आणि मग सगळं सांगितलं. माझा आवाज मुळात लहान, त्यात खाली मान घालून बोलले. ह्यांना दोनदा "काय?" करावं लागलं.

बोलून झाल्यावर पहिल्यांदा रुचा बोलली.

"अडीच वर्षं?"

"हो."

"मी दर रविवारी विचारते काय जेवलीस. दर रविवारी!"

"चपाती जेवले, ते काही खोटं नव्हतं."

"आई, मला हसवू नकोस, मी चिडलेय. तुला वाटतं तू भात सोडलास म्हणून ती पिन सुटली? चाळीस माणसं तीन आठवडे झोपली नाहीत."

"तुमचं तुम्ही केलंत, बाळा. मी कुठे नाही म्हणते? मला काही करायला नव्हतं, म्हणून मी माझं केलं."

ती डोळे पुसल्यासारखं करून एकदम ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "बरं. 'पोहोचेपर्यंत' म्हणजे नक्की कुठे?"

"कुठे म्हणजे? गुरूला."

"गुरूभोवती एकतीसमध्ये जाईल. पण ते पोहोचणं नाही, तिथून खरं काम सुरू. मग तीन वर्षं ते चंद्रांजवळून जात राहणार, युरोपाजवळून दोनदा, कॅलिस्टोजवळून कितीतरी वेळा. थांबत नाही कुठेच. आणि चौतीसच्या शेवटी गॅनिमीडभोवती फिरायला लागणार. मला विचारशील तर ते पोहोचणं."

"आणि मग परत कधी येणार?"

"परत नाही येत, आई. इंधन संपलं की गॅनिमीडवरच पडणार. बर्फावर."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सुखरूप पोहोचू दे म्हणून मी ज्याच्यासाठी भात सोडला होता, ते शेवटी पडणारच होतं. मग सुखरूप म्हणजे काय? एकतीस की चौतीस की पडेपर्यंत? मी देवाशी काय बोलले होते ते मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ काय ते आता मलाच माहीत नव्हतं. देवाला माहीत असेल, पण तो काही सांगत नव्हता.

"चौतीस," हे बोटं मोजत म्हणाले. "तू सत्तर वर्षांची होशील गं."

कुशाबांनी आपलं पान हळूच बाजूला सरकवलं. "देवाक दिलेलो शब्द मोडूचो नाय, वयनी. बरोबर केलात. तुमी चौतीसपर्यंत नाय तर आमी पण चौतीसपर्यंत नाय. नवा भात घरात कोणच खावचो नाय."

"अहो भावजी, असं काय!"

"मगे? रीत ती रीत." आणि त्यांनी कमलला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर. "कमळा, टोप खाली ठेव. वयनी भात खाणत नाय. व्रत आसा त्यांचा. रुचाच्या इमानासाठी. अडीच वर्षां तांदूळ तोंडात घालूक नाय त्यांनी."

तिकडून कोंबडा ओरडला. मग कमल म्हणाली, "अडीच वर्षां? मगे माझी भाजणी खाणत नव्हते काय?"

"भाजणी खाते गं," मी म्हटलं. "एक दिवसाआड थालीपीठ असतं. तुझ्यामुळेच तर निभावलं."

"अगो बाय माझे," कमल म्हणाली. "तेच्यात तांदूळ आसत."

मला कळलंच नाही आधी.

"तुमी नको म्हणालात, पण तांदूळ नसलो तर थालीपीठ तव्यार तुटता वयनी. मी म्हटलंय, डॉक्टराक काय कळता, मूठ-दोन मुठींनी काय होवचा नाय. दर खेपेक घातलंय. आपल्याच शेतातलो."

हे हसायला लागले आणि माझं तोंड बघून थांबले. रुचानं कॉफीचा मग खाली ठेवला. ती हसतेय की रडतेय, छोट्या चौकोनात मला दिसेना.

"म्हणजे सुटलीस!" हे म्हणाले. "व्रत मोडलेलंच आहे कधीचं. यान चाललंय मजेत. घे घास."

सगळ्यांना वाटलं गाठ सुटली. मला उलट वाटलं की पायाखालची फरशी गेली. अँटेना मेमध्ये उघडली, कमलची पहिली भाजणी जूनमध्ये आली. म्हणजे तीन आठवडे, फार तर दीड महिना माझं व्रत खरं होतं. बाकी अडीच वर्षं मी मोदकांसमोर, घावण्यांसमोर, बारशा-लग्नांत हात आखडून बसले होते आणि घरी येऊन तांदूळ खात होते. त्या सगळ्याचं काय झालं? ते कुठे जमा झालं? देवानं अजाणता घडलं म्हणून सोडून दिलं, की त्यानं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं? आणि पाहिलं नसेल तर यान कुणी सांभाळलं? रुचाच्या चाळीस माणसांनी? मग मी कोण? मला वाटत होतं, त्या काळोखात जाणाऱ्या यानाचं एक टोक माझ्या हातात आहे.

"चंद्राजवळून गेलं तेव्हाही मी तांदूळ खात होते," मी म्हटलं. "पृथ्वीजवळून, शुक्राजवळून. काही झालं नाही ना तेव्हा? रुचा? काही बिघडलं नव्हतं ना?"

रुचानं उत्तर द्यायला वेळ घेतला. मी तिची आई आहे.

"काय झालं होतं?"

"जुलैमध्ये," ती म्हणाली. "शुक्राच्या आधी. वीस तास ते बोलत नव्हतं."

"बोलत नव्हतं म्हणजे?"

"आम्ही हाक मारत होतो आणि उत्तर नव्हतं. आतली एक चूक होती, मशीनची नाही, आमच्याच सूचनांमधली. उत्तर मिळालं मग. सगळं ठीक झालं. तुला सांगितलं नाही, तू काहीतरी सोडून बसशील म्हणून." तिनं नाक ओढलं. "तर तू आधीच सोडून बसलेलीस."

"कुठल्या तारखेला? जुलैमध्ये मी..."

"आई, नको. प्लीज. थालीपीठाच्या तारखा नको जुळवूस. त्या वीस तासांत मी पण असलंच काहीतरी करत होते."

"काय करत होतीस?"

"जिना चढताना पायऱ्या मोजत होते. सम आल्या तर मिळेल, विषम आल्या तर नाही. दर वेळी. इंजिनिअर आहे मी. सांगू नकोस कुणाला."

"सम आल्या?"

"एकोणीस पायऱ्या आहेत त्या जिन्याला. रोजच्या. मला माहीत होतं. तरी मोजत होते."

कुशाबांनी हळूच विचारलं, "वयनी, मी काय चपाती खाव?"

त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती, म्हणूनच मला लागलं. पहाटेपासून उपाशी माणूस. आठ तासांचा प्रवास करून माझ्या दाराला लोंब्या बांधायला आलेला. तिकडे कमल टोपासमोर बसलेली, आणि ती आता स्वतःला दोष देत असणार. भात निवत चालला होता. मला कुठलंच उत्तर सापडलं नव्हतं, आणि सापडेपर्यंत ह्या माणसांना थांबवायचा मला काय अधिकार?

मी डोळे मिटले. हातात पाणी घेतलं नाही. मनात म्हटलं, देवा, भाजणीचं मला माहीत नव्हतं. हे माहीत आहे. हे मी जाणूनबुजून करतेय. रागवायचं असेल तर माझ्यावर रागाव. त्या यानाला काही करू नकोस, तिथे कुणाचा हात पोचत नाही.

आणि घास घेतला.

गोड लागला. इतका गोड की मला लाज वाटली. मी वर पाणी प्यायले.

"घेतल्यानी!" कुशाबा फोनमध्ये ओरडले. "कमळा, वाढ!" आणि पान पुढे ओढून असे जेवायला लागले की ह्यांनी आमटीची वाटी त्यांच्याकडे सरकवली ती त्यांना दिसलीही नाही.

मी मोबाइल जवळ घेतला. "आता कुठे आहे गं ते?"

"शुक्र सोडून आपल्याकडे येतंय. पुढच्या सप्टेंबरमध्ये पृथ्वीजवळून जाईल."

"आत्ता बरं आहे?"

"आत्ता सूर्याच्या जवळ आहे. बोलायची मोठी अँटेना त्यानं छत्रीसारखी तोंडासमोर धरलीय, त्यामुळे कमी बोलतं. परवा कळेल."

म्हणजे मी घास घेतला तेव्हा तिथे काय झालं, हे परवा कळणार होतं. आणि माझ्या पोटात नवा भात होता.

"रुचा, मला कळवत जा."

"परवा करते ना फोन. सगळं ठीकच असेल."

"ठीक असलं की कळवतेसच. गप्प झालं की कळवत जा. त्याच वेळी. मिळायच्या आधी."

"आणि तू काय करशील तेव्हा?"

"ते मला आत्ता कसं सांगता येईल?"

"पुन्हा काही सोडणार नाहीस ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. एक खोटं अडीच वर्षं पुरलं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "पण जे करेन ते तुला सांगेन."

तिला उशीर होत होता, केस वाळले होते. "ठीक आहे," ती म्हणाली. "कळवीन. रात्री-अपरात्रीसुद्धा."

"चालेल."

फोन बंद झाला. मी मान वळवली तर कुशाबा पातेलं घेऊन माझ्या पानाशी वाकले होते. आणखी भात घ्यावा की एका घासावर थांबावं, एका घासाचा दोष आणि पोटभर खाण्याचा दोष ह्यात काही फरक असतो की नसतो, हे मी ठरवतेय तोवर त्यांनी मूद घातली, वर आमटी ओतली आणि म्हणाले, "जेवा वयनी, निवता."